दादाची तालुकाबंदी

दोन पावसाळे माझा दादा माझ्या घरी राहिला. हौसेनं नव्हे, कोर्टानं ठेवला म्हणून. आळीतल्या बाया विचारायच्या, "भाऊ आलेत वाटतं पावणं?" मी म्हणायची, "हो, आलेत." पुढचं काय सांगणार? त्याला त्याच्याच तालुक्यात पाय ठेवायला बंदी आहे, असं सांगितलं असतं तर बायांना महिनाभर दुसरा विषय लागला नसता.

मला दिली जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याला. इथं कांदा, टोमॅटो, विहिरीला मोटार, दारात गाडी. माहेर आंबेगाव तालुक्यात, शिनोलीच्या पुढं भीमाशंकरच्या वाटेला, डोंगरात. तिथं भात, नाचणी अन् पाऊस. घरात आई अन् दादा, दोघंच. वडील मी लहान असतानाच गेले. दादाचं लग्न काही जमलं नाही. डोंगरात पोरगी द्यायला आता कोण तयार होतंय? तो हसून म्हणायचा, "बरं झालं की. आईला सासूपणा करायचा तरास न्हाई." असा माणूस. कुठं आवाज चढला की हा आधी तिथून निघायला चप्पल शोधणार. मी त्याच्या उलटी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, असं आई मी पाळण्यात असल्यापासून सांगते.

अशा माणसावर गुन्हा दाखल झाला. मुद्दाम आग लावल्याचा.

आमच्याकडं पावसाआधी राब भाजतात. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वरून माती भुरभुरवायची अन् पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. त्या दिवसांत सगळ्या शिवारात धूर असतो अन् वाऱ्याचा काही नेम नसतो. कधी कुणाची गवताची गंजी जाते, कधी कुणाचं कुंपण. ठिणगी कुणाच्या राबातली हे शोधत बसलं तर गाव आषाढापर्यंत भांडत बसेल. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली. काही जळलं, तर त्या दिवशी ज्यानं सगळ्यात शेवटी राब पेटवला त्यानं संध्याकाळी देवळात नारळ फोडायचा अन् चार माणसांसमोर म्हणायचं, "माझ्या हातनं झालं, पदरात घ्या." की संपलं. मग ज्याचं जळलं त्याला गाव मिळून उभं करून देतं. कुणी लाकूड, कुणी पेंढा, कुणी दिवसभर अंगमेहनत. नारळ फोडणाऱ्यानं खरंच काही केलं का, हे कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच.

त्या वर्षी शेवटचा राब दादाचा होता. त्यानं तो विझवला, हिरव्या डहाळीनं बडवून बडवून कडा थंड केल्या, घरी येऊन जेवला. दुपारी वारा सुटला अन् आमच्या चुलत्याचा, तात्यांचा, गोठा पेटला. एक बैल सुटला, एक आत राहिला. दादा धावत गेला, दोर कापायला आत शिरला अन् हात भाजून घेऊन परत आला. बैल गेला. संध्याकाळी त्यानं भाजल्या हातानं नारळ फोडला अन् म्हणायचं ते म्हणाला. दुसऱ्या दिवशी गोठ्याचे खांब उभे करायला सगळ्यांच्या आधी हाच हजर.

इथंवर गावाचं होतं. तात्यांचा मुलगा चाकणला कंपनीत कामाला. तो सुट्टीला आला, मेलेल्या बैलाची जागा बघितली अन् त्याचं डोकं फिरलं. त्यातून बांधावरच्या आंब्यावरून तात्यांची अन् दादाची आधीपासून बोलचाल बंद होती. त्यानं दोन्ही जोडलं: दादानं आंब्याचा राग बैलावर काढला. तात्यांना गाडीवर बसवून थेट पोलीस स्टेशन. पोलिसांनी गावात विचारलं, हा चार माणसांसमोर कबूल झाला का? म्हातारे खोटं कशाला बोलतील? म्हणाले, "व्हय, झाला की." पोलिसांनी दादाला विचारलं. तोही म्हणाला, "व्हय, म्हनलो व्हतो." अन् लग्नाला निघाल्यासारखा टोपी घालून त्यांच्या गाडीत बसला.

आईचा फोन आला तेव्हा मी रानात कांदा काटत होते, पात छाटून ढीग लावत. आईला घरात रेंज नाही, टेकाडावर जावं लागतं. धापा टाकत म्हणाली, "तुझ्या दादाला नेला गं." एवढंच. पुढं नुसता वारा ऐकू येत होता. काटलेला कांदा तसाच टाकून मी निघाले.

घोडेगावच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, जो तो त्याला नमस्कार करतोय. मला वाटलं, वकीलच. म्हणाला, "ताई, पहिलाच गुन्हा आहे ना? त्याला सांगा, कबूल करून टाक. साहेब समज देऊन सोडतील. मी बोलतो आत." मला तर देवच भेटल्यासारखं झालं. कबूलच करायचं ना? दादाला तेवढं एकच तर येतं! मी हो म्हणणार, तेवढ्यात टपरीवाला कपबशी विसळता विसळता म्हणाला, "बाई, त्यो वकील न्हाई. वकील आत बसत्यात." त्या पेनवाल्याला मी तिथंच असं झाडलं, की चहा प्यायला आलेले पोलीससुद्धा कप खाली ठेवून बघायला लागले.

आत भिंतीवर पाटी होती, मोफत विधी सेवा. आमच्यासारखे पाटी वाचत नाहीत, माणसाला विचारतात, म्हणून तर फसतात. तिथं बसलेल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी हात जोडून म्हणाले, "लई उपकार होतील." तर त्या म्हणाल्या, "उपकार कसले? तुमचा भाऊ कोठडीत आहे. त्याला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा त्याचा हक्कच आहे." हक्क हा शब्द मी निवडणुकीच्या भाषणात ऐकला होता. माझ्या घरातल्या माणसाला तो लागू पडतो हे त्या दिवशी कळलं.

वकीलबाई मिळाल्या त्या मंचरकडच्या. वय माझ्याहून कमी, स्कूटीवरून यायच्या, डिक्कीत कागद अन् डबा एकत्रच. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "ताई, रडा, पण रडता रडता सांगा. तो नेमकं काय म्हणाला? त्याचे शब्द." मी सांगितले. मग रीत सांगितली. त्यांनी मला ती पुन्हा सांगायला लावली, अन् पुन्हा. शेवटी डोक्याला हात लावला. "अहो, तुमच्या गावात माफी मागणं आणि गुन्हा कबूल करणं एकच आहे. कोर्टात त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे."

मला आपलं वाटलं, मग मिटवून टाकू. तात्यांचे पाय धरू, ते केस मागं घेतील. त्या म्हणाल्या, "हा गुन्हा आपसात मिटत नाही. आता तात्या नाही तुमच्याविरुद्ध, सरकार आहे." ऐका! ज्या गावानं आजवर सगळं मिटवलं, त्याला हे एक मिटवता येईना.

त्याहून अवघड गाठ पुढंच होती. दादाला पुण्याच्या तुरुंगात भेटायला गेले, तर जाळीपलीकडून म्हणतो, "वकील कशाला केलास? मी देवापुढं बोललोय. आता न्हाई कसं म्हनू?"

"अरे पण तू केलंस का?"

"त्याचा काय संबंध?"

मला तिथंच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. त्याच्या हातावरची भाजलेली कातडी अजून गुलाबी होती. मी म्हणाले, "दादा, आई टेकाडावर एकटी चढून फोन करती. गाय तीच पिळती. तुला सात-आठ वर्षं आत ठेवलं तर ती राहील का?" तो जाळीतून माझ्याकडं बघत म्हणाला, "तू लई वाळलीस गं." अन् वेळ संपली.

मी वकीलबाईंना सांगितलं, हा देवाचा शब्द मोडणार नाही. मला वाटलं आता त्या केस सोडतात. त्या स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या. त्याला काय म्हणाल्या ते नंतर दादानंच सांगितलं. म्हणाल्या, "दादा, देवापुढं तुम्ही म्हणालात की मुद्दाम गोठा पेटवला?" हा दचकलाच. "मुद्दाम? त्या बैलाला वासरू व्हता तवा मी पाठीवरनं घरी आनलाय, मॅडम." "मग कोर्ट तेवढंच विचारणार आहे. मुद्दाम पेटवला का. त्याला तुमचं उत्तर काय?" तर दादा म्हणाला, "ह्याला न्हाई म्हनाय देव अडवत न्हाई."

जामीन खेडच्या वरच्या कोर्टात झाला, केसही पुढं तिथंच चालली. आमच्या मालकांनी सातबारा दिला. देताना कुरकुरले, "तुझ्या माहेराला आजवर साडी-चोळी दिली, आता रानपन द्या." पण दिला. जामिनाला अट पडली: साक्षीदारांवर दबाव नको म्हणून केस संपेपर्यंत आंबेगाव तालुक्यात जायचं नाही. तारखेला खेडला जाता-येता वाटेत लागेल तेवढंच. राहायचं बहिणीकडं.

मी मनातून खूष झाले. खरं तेच सांगते. लग्न झाल्यापासून दादा माझ्याकडं कधी सलग राहिला नव्हता. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा अन् चहा संपायच्या आत त्याला गायी आठवायच्या. आता कोर्टानंच त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवला होता.

पण तो बसला कुठं? अंगानं इथं. टोमॅटो बांधायचा, कांद्याला पाणी द्यायचा, पोरांना कडेवर घेऊन हिंडायचा, अन् संध्याकाळ झाली की ओट्यावर दक्षिणेकडं तोंड करून बसायचा. डिंगोऱ्यातून आमचं गाव दिसत नाही. मध्ये डोंगर आहे. तो त्या डोंगराकडंच बघायचा. "ह्याच्या पल्याड अजून एक खोरं. त्याच्या पल्याड आपलं." रोज तेच. पाऊस लागला की म्हणायचा, "ह्यो कसला पाऊस. शिंतोडं. आपल्याकडं आता खाचरं भरली असत्याल." मी नाचणीची भाकरी केली तर खायचा अन् म्हणायचा, "पीठ दुकानचं हाय." अरे बाबा, असू दे की! एकदा मला राग आला. म्हटलं, "इतकं वाईट आहे का माझं घर?" तर ओशाळून म्हणाला, "तसं न्हाई गं. तुझं घर लई चांगलं हाय. पण ते तुझं हाय."

दर काही दिवसांनी टेकाडावरून आईचा फोन. मी उचलला की पहिला प्रश्न, "त्यो कधी येतोय?" तू कशी आहेस नाही, पोरं काय म्हणतात नाही. मी फोन दादाला द्यायची. दोघं काय बोलायचे? गाय व्याली. आंब्याला मोहोर कमी. रोप टाकलं. आईला म्हटलं तूच ये इकडं, तर म्हणे गाडी लागते, अन् सांजेला दिवा कोण लावणार? पुढच्या वर्षी राबाचे दिवस आले तेव्हा दादाला घास गिळेना. आई एकटी राब कसा भाजणार? तर आईचा फोन आला, गावानं भाजून दिला, अन् कडेला डहाळी घेऊन कोण उभं होतं? तात्या. दादा फोन कानाला लावून नुसता "बरं, बरं" करत राहिला. त्या दिवशी भाकरीला त्यानं नावं ठेवली नाहीत.

तारखेला आम्ही दोघं एसटीनं खेडला जायचो. वाटेत मंचर लागतं. मंचर म्हणजे आंबेगाव तालुका. स्टँडवर गाडी थांबायची अन् पलीकडं घोडेगाव-भीमाशंकरची गाडी उभी असायची. दादा खिडकीतून तिची पाटी वाचायचा. आमच्याकडची माणसं चढताना दिसायची, कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या काखेत कोंबडी. मी म्हणायची, चहा घेऊ खाली उतरून. तर म्हणायचा, "नगं. पाय टेकला म्हंजी?" वकीलबाईंनी सांगितलं होतं की तारखेला जाता-येता चालतं. पण नाही. तहान लागली तरी गडी खिडकीतूनच बाटली घेणार.

अन् एकदाचा साक्षीचा दिवस आला. दादा घरी जाणार की तुरुंगात, हे त्या दिवसावर होतं. आरोप वाचला तेव्हा तो "मुद्दाम न्हाई साहेब, नाकबूल" एवढं म्हणाला होता. पण सरकारी वकिलांचा सगळा भार त्या देवळातल्या शब्दांवर होता. गावचे सगळ्यात म्हातारे पंच, धुवट धोतर नेसून, काठी टेकत पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपी तुमच्यासमोर म्हणाला का, माझ्या हातून झालं?"

"म्हनला."

सरकारी वकील बसले. आमच्या वकीलबाई उठल्या. मला वाटलं, आता म्हाताऱ्यांना खोटं पाडणार. त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बाबा, त्याच्या आदल्या साली देवळात असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"तुम्ही? काय जाळलं होतं तुम्ही?"

"काय न्हाई. खालच्या वाडीची गंजी जळली. माझा राब शेवटचा व्हता."

"तुमच्याच राबानं जळली का?"

"छ्या! माझा राब वर, वारा खालनं वर."

"मग तुम्ही का म्हणालात, माझ्या हातून झालं?"

म्हातारबा त्यांच्याकडं असे बघत राहिले, जशी काही ही पोरगी कुठल्या मुलखातून आली. मग न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, "साहेब, कुनीतरी म्हनाय लागतंय न्हवं? ठिनगीला काय नाव असतंय? न्हाई म्हनलं कुनी, तर भांडान मिटनार कसं?" न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली अन् ते पुन्हा सांगायला लावलं. म्हातारबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, साहेबांना ऐकू कमी येतं असं समजून. मला हसूही येत होतं अन् डोळ्यांतून पाणीही. दादा मात्र मान खाली घालून उभा होता.

निकाल पुढच्या तारखेला लागला. निर्दोष. मला तो शब्द ऐकूनही कळायला वेळ लागला. वकीलबाईंनी माझा हात दाबला तेव्हा कळलं. बाहेर लिंबाखाली तात्या उभे होते, मुलाला न सांगता आलेले. टोपी काढून हातात घेतली अन् दादापुढं वाकले. "पोरा, चुकलं माझं. पदरात घे." दादानं घाबरून वकीलबाईंकडं बघितलं. ह्यालाही काही कलम लागतं की काय! त्या हसायला लागल्या. "घ्या हो पदरात. आता मी काही म्हणत नाही."

परतीच्या गाडीत दादा अन् तात्या शेजारी बसले. आंब्याचं बोलत होते. बांधावरच्या त्याच आंब्याचं. मी पुढच्या सीटवर. मंचर आलं. दादा पिशवी घेऊन उठला. त्याचे दोन सदरे, टॉवेल, पोरांनी दिलेली टॉर्च, सगळं सकाळीच भरून आणलं होतं. निकाल काय लागेल हे माहीत नसताना. दारात क्षणभर थांबला अन् त्यानं पाय खाली टेकवला. मग दुसरा. खिडकीखाली येऊन म्हणाला, "येतो गं बाई. तू लई केलंस." मी म्हणाले, "जा आता, गाडी सुटेल." ती सुटायला अजून वेळ होता. पण तो पळाला, तात्यांना हाताला धरून ओढत, अन् पाटीसुद्धा न वाचता चढला. माझी गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागली. ज्यासाठी देव पाण्यात ठेवले ते झालं होतं, अन् मला सारखा हुंदका येत होता. दादा सुटला याचा आनंद होता अन् दादा गेला याचं दुःख होतं, अन् दोन्ही मला एकाच वेळी झेपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. तो बसायचा त्या जागेवर, तो बघायचा त्या डोंगराकडं तोंड करून. फोन वाजला. टेकाडावरचा वारा. आईचा आवाज.

"आला गं. रातीच आला. आत्ता खाचरात गेलाय."

"बरं झालं," मी म्हणाले. आता तिच्याकडं विचारायला काही उरलं नव्हतं. मला वाटलं, ठेवते फोन. पण ती ठेवेना. दम खाल्ला अन् म्हणाली, "आन् तू कधी येतीस?"

किती वर्षांत मी माहेरी राहिले नव्हते! यात्रेला एक रात्र, तीही सकाळच्या गाडीची घाई घेऊन. कांदा आहे, पोरांची शाळा आहे, पाहुणे आहेत. दादाला निदान कोर्टानं अडवलं होतं. मला कुणी अडवलं होतं?

"आगं हाईस का?" आई म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं निघते. दादाला शिनोलीला यायला सांग."

लसूण अर्धाच सोलून झाला होता. तो तसाच ठेवला अन् मालकांना हाक मारली, "अवो, ती माळ्यावरची पिशवी काढून द्या."